सूर-सवाल : टेकडीखालचे सूर आणि पांढरी पाचची बासरी

केल्टिक पुराणकथा आणि त्यांवर बेतलेलं लोकसंगीत या विषयावर आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. ‘केल्टिक’ म्हणजे इथे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि फ्रान्समधला ब्रिटनी प्रांत. आयरिश नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. त्यांच्या रोमन स्पेलिंगवर विसंबलात तर हमखास फसाल.

प्रश्न : बऱ्याच अल्बमांवर ‘ड्रुइडांचं प्राचीन संगीत’, ‘ख्रिस्तपूर्व पेगन धुना’ असं छापलेलं असतं. या धुना खरंच एवढ्या जुन्या आहेत का? (कोल्हापूर)

नाहीत. ड्रुइड म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे केल्टिक पुरोहित, आणि पेगन म्हणजे त्या जुन्या धर्माचं. त्या काळातली एकही केल्टिक धून लिहून ठेवलेली नाही. वाद्यं मात्र जमिनीतून निघाली आहेत. त्यातलं सर्वांत नजरेत भरणारं म्हणजे कार्निक्स, रानडुकराच्या तोंडाचं उभं रणशिंग. वाजवणाऱ्याच्या डोक्याच्याही वर त्याचा जबडा उघडलेला असायचा. स्कॉटलंडच्या ईशान्येला डेस्कफर्डजवळ १८१६च्या सुमारास अशा एका शिंगाचं डोकं सापडलं. त्यावरून १९९०च्या दशकात प्रतिकृती घडवली गेली आणि जॉन केनी या ट्रॉम्बोनवादकाने ती वाजवून दाखवली. २००४मध्ये फ्रान्समधल्या तँतिन्याक इथे एका खड्ड्यात एकदम सात कार्निक्स निघाली. त्यामुळे आवाज कसा असेल याचा अंदाज येतो, पण त्यावर काय वाजवत असत ते कुणालाही सांगता येणार नाही.

कथांचं वेगळंच. त्या ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी लिहून काढल्या. आयरिश कथांचं सर्वांत जुनं उरलेलं हस्तलिखित इसवी सन ११००च्या आसपासचं आहे. त्यात लढाया आहेत, गाई पळवणं आहे, शाप आहेत, पण स्वरलेखन नाही. हार्प या उभ्या तंतुवाद्यावरच्या धुना पद्धतशीर टिपून घेतल्या गेल्या त्या थेट जुलै १७९२मध्ये, बेलफास्टच्या हार्पवादक मेळ्यात. टिपणारा एडवर्ड बंटिंग तेव्हा १९ वर्षांचा होता. जमलेल्यांपैकी नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन हा एकटाच जुन्या पद्धतीने, धातूच्या तारांवर नखांनी वाजवत होता. आज ऐकू येणारे जिग आणि रील हे नाचाच्या धुनांचे प्रकार बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत.

तेव्हा अल्बम हातात आला की कथा कुठली, शब्द कुठले आणि चाल कुठली हे वेगवेगळं विचारा. स्वित्झर्लंडच्या एलुवेइटी या बँडचं उदाहरण घ्या. त्यांच्या २००९च्या ध्वनिमुद्रित संचातल्या एका गाण्याचे शब्द फ्रान्समधल्या शामालिएर इथे १९७१मध्ये सापडलेल्या शिशाच्या पत्र्यावरचे आहेत. भाषा गॉलिश, म्हणजे बोलणारा कुणी उरलेला नाही अशी, आणि मजकुरात मापोनोस या देवाला आवाहन. इथे शब्द खरोखर प्राचीन आहेत, चाल आजची. त्याच बँडच्या २००८च्या ‘इनिस मोना’चं उलटं : शब्द नवे, आणि चाल ब्रिटनीतल्या तीन खलाशांच्या लोकगीताची. दोन्ही गोष्टी प्रामाणिक आहेत. खोटं असतं ते वेष्टनावरचं वाक्य.

प्रश्न : माझ्याकडे पांढरी पाचची, साधारण दोन फुटी बासरी आहे. तिच्यावर आयरिश धुना वाजतील, की टिन व्हिसल घ्यावीच लागेल? (सांगली)

वाजतील, आणि तुमच्याकडे नेमकी हवी तीच बासरी आहे. पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा षड्ज, अशा बासरीची सहाही छिद्रं बंद केली की मंद्र पंचम मिळतो, म्हणजे पांढरी दोन. आयरिश मैफलीतल्या बहुसंख्य धुना पांढरी दोन किंवा पांढरी पाचमध्ये असतात, आणि प्रमाण टिन व्हिसलचा (पत्र्याच्या, सहा छिद्रांच्या छोट्या शिट्टीवजा बासरीचा) सगळ्यांत खालचा स्वरही पांढरी दोनच. तुमची बासरी तिच्यापेक्षा एक सप्तक खाली बोलेल, म्हणजे ‘लो व्हिसल’च्या जागी बसेल.

बदल डोक्यात करायचा आहे, बोटांत नाही. तीन छिद्रं बंद म्हणजे सा, ही सवय बाजूला ठेवा. सहाही बंद म्हणजे सा. मग खालून एकेक बोट उचलत जा : रे, ग, म, प, ध, आणि सगळी उघडी की शुद्ध नी. संपूर्ण बिलावल एकही छिद्र अर्धं न झाकता मिळतो. वरच्या षड्जाला पहिलं (तोंडाजवळचं) छिद्र उघडं आणि बाकीची पाच बंद ठेवून फुंक थोडी आवळा. सगळी बंद ठेवून नुसता जोर लावला तर तो सा खालच्या सप्तकात कोसळतो.

अडचण येते कोमल नी ला. टिन व्हिसलवाले पहिलं छिद्र उघडं ठेवून दुसरं-तिसरं झाकतात आणि स्वर उतरतो. बासरीची छिद्रं मोठी असल्यामुळे ही युक्ती तिथे अपुरी पडते, स्वर चढाच राहतो. त्यापेक्षा पहिलं छिद्र अर्धं झाका. एरवी शुद्ध मध्यमाला तुम्ही हेच करता.

थाटांचा हिशेब सोपा आहे. जुन्या धुनांत चार स्वरसंच वारंवार येतात : बिलावलचे, खमाजचे (कोमल नी), काफीचे (कोमल ग-नी) आणि आसावरीचे. काफीसाठी बासरी बदलायची गरज नाही, बिलावलच्या रे ला षड्ज मानून मूर्च्छना घेतली की काफी तयार. मात्र हे साम्य स्वरांपुरतंच आहे. काफीची पकड, न्यास, वादी-संवादी यांतलं काहीही तिथे नाही. ते घुसडलंत तर धून ओळखू येणार नाही.

बासरीवाल्यांचा ठरलेला दोष म्हणजे मींड. इथे स्वर बोटांनी तोडायचा असतो. ‘कट’ म्हणजे चालू स्वराच्या वरचं एक बोट क्षणभर उचलून परत टेकवणं. ते इतक्या झटक्यात व्हायला हवं की उचललेल्या बोटाचा स्वर म्हणून काही ऐकूच येऊ नये, नुसता ‘टिक्’ यावा. तो स्वर ऐकू आला तर कण झाला. ‘टॅप’ म्हणजे खालच्या छिद्रावर बोट आपटून लगेच उचलणं. लांब स्वरावर स्वर-कट-स्वर-टॅप-स्वर असं सलग केलं की ‘रोल’ होतो. तो संथ झाला की त्याची मुरकी होते, आणि आपल्या वादकांचा रोल हटकून मुरकीच होतो. दीड मात्रेत पाचही टप्पे बसेपर्यंत लय वाढवू नका.

सुरुवातीला ‘शी व्यॉग, शी वोर’ घ्या. टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) या अंध हार्पवादकाची ही पहिली रचना मानतात. नावाचा अर्थ ‘लहान शी, मोठी शी’. शी म्हणजे जिच्या पोटात परलोकीचे लोक राहतात अशी टेकडी. लीट्रिम परगण्यातल्या अशा दोन टेकड्यांमधल्या वैराची कथा तिच्यामागे आहे. कथा लढाईची असली तरी धून अगदी शांत, तीन मात्रांची. पहिली ओळ थोड्याफार पाठभेदाने अशी, प्रत्येक खूण अर्ध्या मात्रेची :

सां रें | गं ऽ ऽ रें सां ऽ | सां ऽ सां रें सां ऽ | ध ऽ ऽ ऽ प ऽ | ग ऽ ऽ ऽ प ऽ |

गंधारावरच्या दीड मात्रेत श्वास पुरवा आणि पुढचा रें घाईत गिळू नका. या धुनेचं वजन तिथेच आहे. ध वरून प वर येताना मींड घ्यावीशी वाटेल, घेऊ नका.

प्रश्न : मुलाच्या व्हायोलिनवरच्या जिगला मी तबल्यावर दादरा धरतो. मात्रा जुळतात, पण ऐकणारे म्हणतात ‘हे भजन झालं’. काय चुकतं? (नाशिक)

चौथी मात्रा. दादऱ्याच्या सहा मात्रांत चौथीवर खाली आहे, तिथे ठेका हलका पडतो. जिगमध्येही सहाच मात्रा, पण पाय आपटतात तो पहिलीवर आणि चौथीवर, जवळजवळ सारख्याच जोराने. तुम्ही चौथी मोकळी सोडता आणि नाचणाऱ्याच्या पायाखालची फळीच निघून जाते. तेव्हा ‘धा धी ना धा तू ना’ सोडा, बायां १ आणि ४ वर सारखा वाजवा आणि किनारीचा ‘ना’ दबका ठेवा. शिवाय तीन-तीनच्या गटातल्या मात्रा काटेकोर समान नसतात. पहिली किंचित लांब, दुसरी आखूड, तिसरी मधली. हे लिहून दाखवता येत नाही, चांगल्या वादकाची जिग शंभर वेळा ऐकली की हातात येतं.

रीलला केरवा धरणाऱ्यांचंही हेच : पाचव्या मात्रेची खाली काढून टाका. स्लिप जिग नऊ मात्रांची, पण विभागणी ३+३+३ अशी सरळ. तिला मत्तताल समजू नका.

आणखी एक. धून बहुधा दोन भागांची असते. प्रत्येक भाग आठ खंडांचा, दोनदा. म्हणजे एक फेरी ३२ खंडांची. अशा तीन फेऱ्या झाल्या की वादक न थांबता दुसऱ्या धुनेत शिरतो. तेवढ्यात तुम्ही तिहाई रचत बसलात तर तो पुढच्या धुनेच्या दुसऱ्या खंडात आणि तुम्ही समेवर एकटे.

प्रश्न : मुलीने परदेशातून बोरॉन आणला. जूनमध्ये त्याचं चामडं इतकं सैल पडलं की नुसता ‘थप’ आवाज येतो. हलगीसारखा शेकावा का? (रत्नागिरी)

शेकू नका. हलगीला पेच नसतात, म्हणून तिला शेकण्याशिवाय इलाज नाही. बोरॉन हा बकऱ्याच्या चामड्याचा, एका बाजूने मढवलेला आयरिश डफ. हल्लीचे बोरॉन १४ ते १६ इंच व्यासाचे असतात आणि आतून पेच फिरवून ताणता येतात. ताणलेलं चामडं वर शेकलं की दोन्ही ताण एकत्र येतात. मग चामडं कडेपाशी फाटतं किंवा डिंकातून सुटतं. तेच कारण उन्हात न ठेवण्याचं.

आधी आतल्या कडेला पेच आहेत का बघा. असतील तर सोबत आलेल्या किल्लीने प्रत्येक पेच पाव फेरा घट्ट करा, पण ओळीने नाही, समोरासमोर. वरचा, मग खालचा, मग डावा, मग उजवा. ओळीने फिरवलंत तर कडं एका बाजूला कलतं आणि चामड्यावर सुरकुती धरते. प्रत्येक फेरीनंतर कडेपासून इंचभर आत बोटाने टिचकी मारत गोल फिरा, सगळीकडे सारखा स्वर आला की थांबा. वाजवून झाल्यावर तेवढेच फेरे पुन्हा सैल करा. हे विसरलात आणि रात्री वातानुकूलित खोलीत ठेवलात, तर कोरड्या हवेत चामडं आकसतं आणि सकाळी चीर दिसते. पावसाळ्यात बोरॉन गेला तर तो ओलीपेक्षा या चुकीनेच जातो.

पेच नसतील तर कोरड्या खोलीत, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि वाजवण्याआधी तळव्याने चामडं पाचेक मिनिटं चोळा. घर्षणाची ऊब पुरते. उन्हाळ्यात उलट होतं, आवाज पत्र्यासारखा चढतो. तेव्हा आतल्या बाजूने घट्ट पिळलेलं फडकं एकदाच फिरवा, बाहेरून नाही. बुरशीचे ठिपके आले तर कोरड्या मऊ फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवा. तेल लावू नका, चामडं कायमचं मऊ पडतं.

जाता जाता, बोरॉनला ‘ड्रुइडांचं वाद्य’ म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नका. फार काळ तो २६ डिसेंबरच्या ‘रेन’ पक्ष्याच्या मिरवणुकीत बडवायचा डफ होता. त्याला मैफलीत बसवलं शॉन ओ रीअदा यांनी, १९६०च्या दशकात.

प्रश्न : दाग्दा देवाच्या हार्पवर तीन प्रकारचं संगीत होतं असं वाचलं. आपल्या रसांसारखं का? (इंदूर)

कथा अशी. मॉय तुराच्या लढाईनंतर पळणारे फोमोरी, म्हणजे दाग्दाचे शत्रू, त्याची हार्प घेऊन गेले. ती त्यांच्या मेजवानीच्या दालनात भिंतीवर टांगलेली होती. दाग्दाने हाक मारली तशी ती भिंतीवरून सुटून त्याच्याकडे झेपावली आणि वाटेत आलेल्या नऊ जणांना तिने मारलं. मग त्याने तीन प्रकार वाजवले : गोलत्री, तिने बायका रडल्या, ग्यानत्री, तिने बायका-मुलं हसली, आणि सुअनत्री, तिने सगळं सैन्य झोपी गेलं. मग दाग्दा आणि त्याचे साथीदार लू व ओग्मा हे तिघे सुखरूप निसटले.

रसांशी जुळवायचा मोह होतो. करुण आणि हास्य बसतीलही, पण झोपेचा रस भरतमुनींनी सांगितलेला नाही. आयरिश वर्गीकरण भावापेक्षा परिणामाचं आहे, वादकाने समोरच्याला काय करायला लावलं याचं. आजच्या आयरिश भाषेत सुअनत्री म्हणजे सरळ अंगाई. संगीतकार या तीन शब्दांवर रचना करतात तेव्हा चाल त्यांची स्वतःची असते. दाग्दाची चाल उरलेली नाही.

हार्प ऐकताना तारा कशाच्या आहेत ते विचारा. जुन्या क्लारशाखला, म्हणजे जुन्या आयरिश हार्पला, धातूच्या तारा असत. एक स्वर छेडला की तो कितीतरी वेळ घुमत राहतो, म्हणून पुढचा छेडताना आधीचा बोटाने दाबावा लागतो. नायलॉनच्या तारांवर हे दाबण्याचं काम बरंच कमी, आवाजही गोल आणि आखूड. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेली मध्ययुगीन हार्प धातूच्या तारांची आहे. ब्रिटनीत केल्टिक हार्प पुन्हा उभी राहिली ती १९५३मध्ये आलाँ स्तिवेल यांच्या वडिलांनी घडवलेल्या वाद्यातून. स्तिवेल यांचा १९७१चा हार्पचा संच या सगळ्या लाटेची सुरुवात म्हणून आधी ऐका.

प्रश्न : वेल्समध्ये घोड्याची कवटी घेऊन दारोदार गातात म्हणे. तो पेगन विधी आहे का? (पुणे)

मारी लुइड. काठीवर घोडीची कवटी, खाली पांढरी चादर, चादरीखाली माणूस दोरीने जबडा उघडतो-मिटतो. नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत ही टोळी दारात येते आणि गाण्यातून आत घ्यायची मागणी करते. आतले लोक गाण्यातूनच नकार देतात. बाहेरचे पुन्हा कडव्याने टोला हाणतात. ज्याची कडवी संपली तो हरला, आणि आतले हरले की दार उघडावं लागतं, खाऊपिऊ घालावं लागतं. या झगड्याला पुंको म्हणतात. कलगी-तुऱ्याचा सामना ऐकलेल्याला हे लगेच कळेल, फक्त मध्ये बंद दार आहे. चाल एकच असते, कडवी हजरजबाबीपणे जुळवायची. पेगन असल्याचा पुरावा नाही. पहिली लेखी नोंद १८००ची आहे.

प्रश्न : पेगन बँडच्या गाण्यांत आठ सणांचं चक्र येतं. ते जुनं का? आणि ‘साम्हाईन’ हा उच्चार बरोबर आहे का? (ठाणे)

उच्चार ‘साउइन’. चार सण जुन्या आयरिश ग्रंथांत आहेत : साउइन (१ नोव्हेंबर), इमोल्क (१ फेब्रुवारी), ब्यालतना (१ मे), लूनसा (१ ऑगस्ट). अयन आणि संपातांचे चार त्यांत जोडून आठांचं चक्र केलं ते विसाव्या शतकात, ब्रिटनमधल्या नवपेगन मंडळींनी.

प्रश्न : नोकरीनिमित्त डब्लिनला आलोय. पबमधल्या सेशनला ढोलकी घेऊन गेलो तर चालेल का? (डब्लिन)

पहिल्या दिवशी नको. सेशन, म्हणजे वर्तुळात बसून एकत्र वाजवणं, मोकळं दिसतं, पण बसायच्या जागांना मान असतो. वर्तुळातली खुर्ची रिकामी असली तरी विचारल्याशिवाय बसू नका. तालवाद्य एका वेळी एकच, हा अलिखित नियम. आधीच बोरॉनवाला असेल तर त्याने उठेपर्यंत थांबायचं. कुणी गायला लागलं की सगळी वाद्यं खाली, गप्पाही बंद.

ढोलकीची खरी अडचण शाईची आहे. तिचा स्वर पक्का असतो आणि धुना पांढरी दोनमधून पांढरी पाचमध्ये, तिथून पांढरी सहाच्या काफीत सरकतात. बोरॉनचा स्वर धूसर असल्याने तो कुठेही खपतो, ढोलकी मात्र टोचते. न्यायचीच असेल तर चाटी पांढरी दोनला लावा, तो स्वर या सगळ्यांत येतो. घुमही आवरता ठेवा. त्यापेक्षा साधा डफ हाताने दाबून वाजवलात तर लवकर सामावून घेतील.

धुना शिकायला कोलतस कोलतोरी एरन (स्थापना १९५१) या संस्थेचे वर्ग गावोगाव आहेत. कोपराने भाता दाबून वाजवायच्या इलिअन पाइप्सची ओढ लागली तर हेन्रिएटा स्ट्रीटवर ना पीबरी इलिअन या पाइपवादकांच्या संस्थेचं घर आहे. पहिले दोन-तीन महिने मागे बसून ऐका, धुनांची नावं विचारून वहीत लिहा. पुढच्या वेळी तुम्ही नावाने धून मागितलीत की खुर्ची आपोआप सरकते.